त्रिरश्मीवरील परदेशी दाते आणि वारसाहक्काचा प्रश्न

आपल्या समाजातील कित्येक कुटुंबांत आज एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. शिक्षणासाठी, नोकरीसाठी वा धम्मकार्यासाठी आपली मुले-मुली थायलंड, श्रीलंका, जपान अशा बौद्ध देशांत जातात, तेथील उपासक-उपासिकांशी त्यांचा परिचय होतो आणि काहींचे विवाहही होतात. विवाहाच्या वेळी सर्वांना आनंद होतो. धम्म एक, त्रिशरण एक, पंचशील एक. मग परके कोण आणि आपले कोण, असे आपण म्हणतो. परंतु पुढे केव्हातरी पतीचे वा पत्नीचे निधन होते आणि मग घर कोणाचे, जमीन कोणाची, बँकेतील ठेव कोणाची, असा प्रश्न येतो. त्या वेळी कायदा विचारतो, तुम्ही या देशाचे आहात काय? आणि नातलग विचारतात, तुम्ही या कुळाचे आहात काय?

परदेशातून आलेल्या माणसाने येथे विवाह करावा, संपत्ती मिळवावी आणि ती पुढच्या हाती द्यावी, ही गोष्ट नाशिकला मुळीच नवी नाही. मुंबई-आग्रा मार्गालगतच्या त्रिरश्मी पर्वतावर, ज्याला लोक पांडवलेणी म्हणतात त्या चोवीस लेण्यांत, शक आणि यवन दात्यांची नावे सुमारे अठराशे ते एकोणीसशे वर्षांपूर्वी कोरली गेली आहेत. ही लेणी पांडवांनी कोरली नाहीत, ती भिक्खूसंघासाठी कोरली गेली, हे आमच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु बुद्धपौर्णिमेस आपण तेथे जातो, वंदना घेतो आणि भिंतीवरील ब्राह्मी अक्षरांकडे पाहून परत येतो. ती अक्षरे काय सांगतात याचा विचार व्हावा, यासाठी प्रस्तुत लेख आहे.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करावी. हे लेख दानलेख आहेत, मृत्युपत्रे नव्हेत. त्या काळचा वारसाहक्काचा कायदा त्यांत कलमवार लिहिलेला नाही. तथापि जे आपले असते तेच माणसाला देता येते. कोणी काय दिले, कोणाच्या नावाने दिले आणि ते पुढे कोणाच्या हाती गेले, एवढे पाहिले तरी संपत्तीवर कोणाचा अधिकार मानला जात होता याचा उलगडा होतो.

दक्षमित्रेची ओवरी

दहाव्या क्रमांकाचे लेणे नहपान विहार म्हणून ओळखले जाते. क्षहरात कुळातील क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने ते कोरविले. उषवदात हा दिनीकाचा पुत्र आणि शक होता. नाव पाहिले तर ऋषभदत्त, म्हणजे पूर्णपणे येथल्या वळणाचे; पित्याचे नाव पाहिले तर दिनीक, म्हणजे येथल्या कानाला अपरिचित. एका पिढीत बाहेरची माणसे येथली कशी झाली, हे या दोन नावांतच दिसते.

या विहाराच्या व्हरांड्यात एक छोटा लेख आहे. राजा क्षहरात क्षत्रप नहपान याची कन्या आणि दिनीकपुत्र उषवदाताची कुटुंबिनी दक्षमित्रा हिने ओवरक, म्हणजे भिक्खूंच्या निवासाची खोली, दान दिली, एवढाच त्याचा आशय. मराठीतील ‘ओवरी’ हा शब्द याच ओवरकापासून आलेला आहे आणि पत्नीला ‘कुटुंब’ म्हणण्याची आपली जुनी रीतही या ‘कुटुंबिनी’ शब्दाच्या जवळची आहे. म्हणजे या शिलालेखांची भाषा आपल्याच भाषेची पूर्वज आहे.

येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, संपूर्ण विहार पतीने कोरविलेला असतानाही या खोलीचे दान पत्नीच्या नावावर स्वतंत्रपणे नोंदविले गेले. तिने पतीच्या पुण्यात वाटेकरी म्हणून नाव घातले नाही. तिचे देयधम्म तिचे होते. ती कोणाची कन्या आणि कोणाची पत्नी हे लेखात सांगितले आहे, परंतु दान देणारी ती आहे.

याच लेण्यात याच्या अगदी उलट असा एक उल्लेख आहे. उषवदाताच्या मोठ्या लेखात त्याच्या पुण्यकृत्यांची यादी दिली आहे. तीन लक्ष गायी दिल्या. देव व ब्राह्मणांना सोळा गावे दिली. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे चौसोपी धर्मशाळा बांधल्या. तापी, दमण, डहाणुका इत्यादी नद्यांवर फुकट तरी चालू केल्या. त्या यादीतच प्रभास तीर्थी ब्राह्मणांना आठ भार्या दिल्या, असेही कोरलेले आहे. आठ विवाहांचा खर्च केला, असा याचा अर्थ विद्वान लावतात आणि तो संभवनीय आहे. परंतु शब्द कोरला गेला आहे तो गायी, गावे आणि भार्या यांना एकाच क्रियापदाखाली आणणारा. ज्या भिंतीवर स्त्री ही देण्याची वस्तू म्हणून येते, त्याच विहारात दुसऱ्या भिंतीवर स्त्री ही देणारी म्हणून येते. पहिले दान ब्राह्मणांना आहे. दुसरे दान संघाला आहे. हा योगायोग आहे असे कोणी म्हणेल. आम्हास मात्र यात दोन समाजव्यवस्थांमधील अंतर दिसते.

त्या काळी दान देणाऱ्या स्त्रिया केवळ राजघराण्यातील होत्या असेही नाही. अठराव्या क्रमांकाच्या चैत्यगृहात भटपालिका नावाच्या स्त्रीचा लेख आहे. ती राजामात्य अरहलयाची कन्या, राजामात्य व भांडागारिक अगियतणकाची पत्नी आणि कपणणकाची माता. चैत्यगृहाचे काम तिने पूर्णत्वास नेले. मातृत्व, पत्नीत्व, कन्यात्व या तिन्ही नात्यांची नोंद करून शेवटी दानाचे कर्तृत्व स्त्रीकडेच ठेवणारी ही लेखनपद्धती त्रिरश्मीवर पुन्हा पुन्हा भेटते.

दान टिकविण्याची व्यवस्था

उषवदाताने विहार कोरवून हात झटकले नाहीत. तो पुढे चालावा याची त्याने केलेली तरतूद आजच्या कोणत्याही विश्वस्त मंडळाने अभ्यासावी अशी आहे. वर्ष ४२ च्या लेखात तो सांगतो की, चातुर्दिश संघासाठी त्याने तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे गुंतविली. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा दरशेकडा एक या व्याजाने. दुसरीकडे एक हजार, दरमहा दरशेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज उपभोगावयाचे, अशी स्पष्ट अट त्यात आहे.

हिशेब करून पाहावा. दोन हजारांवर दरमहा वीस, म्हणजे वर्षाला दोनशे चाळीस कार्षापण होतात. लेखात म्हटले आहे की, या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावेत. वीस गुणिले बारा बरोबर दोनशे चाळीस. एक कार्षापण कमी नाही, एक अधिक नाही. शक जावयाने केलेला हा हिशेब गोवर्धनच्या विणकरांनी चालवावा आणि त्यातून कोणत्याही देशाच्या, कोणत्याही कुळाच्या भिक्खूला वस्त्र मिळावे, अशी ती योजना होती. दान निगमसभेत जाहीर केले आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदविले, हेही लेखात आवर्जून सांगितले आहे. तोंडी शब्दावर काही ठेवले नाही.

आणखी एका व्यवहाराची नोंद आहे. भिक्खूंच्या अन्नासाठी उषवदाताने एक शेत दिले. ते त्याने वाराहीपुत्र अश्वभूती नावाच्या ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापण देऊन विकत घेतले. ते शेत अश्वभूतीच्या पित्याच्या मालकीचे होते आणि नगराच्या सीमेवर वायव्येस होते, असा खुलासा केलेला आहे. म्हणजे वडिलोपार्जित जमीन पुत्राने विकली, परदेशी वंशाच्या माणसाने ती विकत घेतली आणि संघाला दिली. विकणारा कोण, त्याच्याकडे ती कशी आली, किंमत किती, जागा कोणती, हे सारे नोंदविले. आजच्या खरेदीखतात आपण हेच पाहतो.

जे गेले आणि जे राहिले

नहपानाचे राज्य टिकले नाही. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा पाडाव केला. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली सापडलेला नाण्यांचा साठा या घटनेची साक्ष देतो. नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा उमटविला आहे. सत्ता बदलली की नाण्यावरचे नाव बदलते.

जमिनीचेही तेच झाले. तिसऱ्या लेण्यातील वर्ष १८ च्या लेखात गौतमीपुत्र गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालितास आज्ञा करतो की, अपरकखडी गावातील जे दोनशे निवर्तने शेत आजवर उषभदाताकडे होते, ते त्रिरश्मीवरील प्रव्रजितांना देण्यात यावे. उषवदाताला पुत्र होते की नव्हते, त्यांचे पुढे काय झाले, याचा या आज्ञेत विचार नाही. जेत्याने पराजिताची जमीन घेतली आणि दान केली. पुढे वर्ष २४ च्या लेखात कळते की, आधी दिलेले कखडीचे शेत कोणी कसत नव्हते आणि गावही वसलेले नव्हते. म्हणून त्याऐवजी नगरसीमेवरील राजकीय शेतातून शंभर निवर्तने देण्यात आली. ही आज्ञा गौतमीपुत्र आणि राजमाता यांच्या नावे आहे.

आता दक्षमित्रेच्या ओवरीकडे पाहावे. नाण्यांवर नवे ठसे पडले, शेत दुसऱ्याच्या नावाने दान झाले, क्षहरात कुळ निर्मूल केल्याचा अभिमान जवळच्याच लेण्यात कोरला गेला. परंतु क्षहरात कन्येने दिलेल्या खोलीवरील तिचे नाव कोणी खरवडून काढले नाही. कारण ती खोली आता क्षहरातांची नव्हती. ती चातुर्दिश संघाची होती; म्हणजे जे भिक्खू आले आहेत आणि जे पुढे येणार आहेत, त्या सर्वांची.

विनयपिटकात या मालकीचा नियम स्पष्ट आहे. भिक्खू कालवश झाला तर त्याच्या वस्तूंचा स्वामी संघ होतो. त्याचे पात्र व चीवर आजारपणात सेवा करणाऱ्यांना द्यावे, किरकोळ वस्तू उपस्थित भिक्खूंनी वाटून घ्याव्यात, परंतु जड सामान आणि स्थावर हे आगत-अनागत चातुर्दिश संघाचे. ते वाटावयाचे नाही आणि कोणास देऊन टाकावयाचेही नाही. सेवा करणाऱ्याचा हक्क रक्ताच्या नात्याच्या आधी मानणारी ही वारसापद्धती आहे. आमच्या मते तिचा जितका अभ्यास व्हावयास हवा तितका झालेला नाही.

शकनिका उपासिका विष्णुदत्ता

याच नहपान विहारात पुढील काळातील एक लेख आहे आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे. आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षाचा, म्हणजे साधारणपणे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या मध्याचा, तो आहे. दात्री आहे विष्णुदत्ता. शक अग्निवर्म्याची ती कन्या, गणपक रेभिल याची पत्नी, गणपक विश्ववर्मा याची माता. ती स्वतःला शकनिका म्हणविते आणि उपासिका म्हणविते.

नहपानाचे राज्य लयास जाऊन दीर्घ काळ लोटला होता. शकांचा येथे पाडाव झाला होता. तरीही एक शक स्त्री आपले शकत्व लपवीत नाही आणि उपासिका असणे व शकनिका असणे यांत तिला विरोध वाटत नाही. तिच्या पतीचे कुळ कोणते, हे सांगण्याची लेखास गरज वाटली नाही. त्याचे पद सांगितले आहे. पुत्राचेही पद सांगितले आहे. पती आणि पुत्र दोघेही अधिकारपदावर असताना दान मात्र विष्णुदत्तेने दिले आहे.

आणि ते दान कशासाठी? त्रिरश्मी पर्वतावरील विहारात राहणाऱ्या चातुर्दिश भिक्खूसंघातील आजारी भिक्खूंच्या औषधासाठी. त्यासाठी तिने गोवर्धनच्या श्रेणींकडे अक्षयनीवी ठेवली. कुलरिकांच्या, म्हणजे बहुधा कुंभारांच्या श्रेणीकडे एक हजार कार्षापण आणि ओदयंत्रिकांच्या, म्हणजे पाण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या श्रेणीकडे दोन हजार. याशिवाय तेल गाळणाऱ्यांच्या श्रेणीचाही उल्लेख आहे. एवढी रक्कम एका स्त्रीने, आणि तीही परक्या वंशाच्या स्त्रीने, आपल्या नावाने गुंतवावी आणि नगरातील कारागीर संघांनी ती स्वीकारून तिचे व्याज पिढ्यान्‌पिढ्या भरण्याचे उत्तरदायित्व घ्यावे, याचा अर्थ काय? तिची सही ग्राह्य होती, तिचे धन तिचे मानले जात होते आणि पती वा पुत्र यांच्या संमतीची नोंद करावी असे कोणास वाटले नाही.

मनुस्मृतीत भार्या, पुत्र आणि दास या तिघांना धनाचे स्वामी मानलेले नाही. ते जे मिळवितील ते ज्याचे ते असतील त्याचे, असा तेथील दंडक आहे. स्त्रीधनाचे सहा प्रकार ती स्मृती सांगते, परंतु ते बहुतांशी आप्तांनी दिलेल्या भेटींपुरते आहेत. त्रिरश्मीवरील भिंती आणि मनूचे श्लोक एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत, म्हणजे दोन परंपरांत स्त्रीच्या हातातील धनाकडे कसे पाहिले जात होते हे ध्यानी येते.

विष्णुदत्ता एकटी नाही. दशपूरचा रहिवासी, विष्णुदत्त नावाच्या पित्याचा पुत्र, शक लेखक वुधिक याने लेणे आणि पाण्याच्या दोन पोढी दिल्या. त्यांतील एक आई-वडिलांच्या नावे आहे. उत्तरेकडील दत्तामित्री नगरातून आलेला यवन, धर्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त याने सतरावे लेणे, चैत्यगृह आणि पोढी कोरविल्या. माता-पित्यांसाठी हे पुण्य केले आणि पुत्र धर्मरक्षितासह ते संघाला अर्पण केले. वंशाने यवन, पिता धर्मदेव, पुत्र धर्मरक्षित. त्या कुळात घर-शेत किती होते हे आज कोणी सांगू शकत नाही. परंतु पित्याकडून पुत्राकडे धम्म गेला, हे दगडावर राहिले.

वर्णसंकराचा बाऊ

ही एक बाजू झाली. दुसरी बाजूही त्रिरश्मीवरच आहे. तिसऱ्या लेण्यात राजमाता गौतमी बलश्री हिचा पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षाचा प्रसिद्ध लेख आहे. ते लेणे तिने भद्रायणीय भिक्खूंना दिले. पुत्राच्या पश्चात मातेने स्वतःच्या नावाने केलेले ते दान आहे, म्हणून त्याचे मोल मोठे आहे. परंतु त्यातील गौतमीपुत्राच्या स्तुतीत शक, यवन, पल्हवांचा नाश केला, क्षहरातांचा वंश निपटून काढला आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला, असे म्हटले आहे. ज्या लेण्यातून भिक्खू चार दिशांना जाणार, त्याच्याच भिंतीवर वर्णसंकर थांबविल्याचा अभिमान! राजाश्रय मिळाला म्हणून त्याबरोबर राजाची समाजदृष्टीही धम्माची होत नाही, हे आपण विसरता कामा नये.

आणि हा संकर खरोखर थांबला काय? कान्हेरीच्या लेण्यातील एका लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णी याच्या राणीचा उल्लेख आहे. ती कार्दमक कुळातील, महाक्षत्रपाची कन्या. कार्दमक हे शकच. जुनागढ येथील शक वर्ष ७२, म्हणजे इ. स. १५० च्या लेखात महाक्षत्रप रुद्रदामा सांगतो की, दक्षिणापथपती सातकर्णीला त्याने दोनदा जिंकले, पण संबंध जवळचा असल्याने त्याचा नाश केला नाही. संकर थांबविल्याची बढाई मारणाऱ्या घराण्यात दुसऱ्याच पिढीत शक कन्या सून म्हणून आली आणि तिच्यामुळे राज्यही वाचले.

विद्वानांनी हे पूर्वीच ओळखले होते. दे. रा. भांडारकर यांनी १९११ साली हिंदू लोकसंख्येतील परकीय घटकांवर विस्तृत निबंध लिहिला. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या भाषणात वंशशुद्धीचा युक्तिवाद खोडून काढताना भांडारकरांच्याच निबंधाचा आधार घेतला आहे. भारतात परकीय रक्ताचा अंश नाही असा वर्ग क्वचितच सापडेल, तर मग जातीने कोणते रक्त राखले, असा तो प्रश्न आहे.

विवाह, संपत्ती आणि बाबासाहेब

१९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मर्म अंतर्विवाहात आहे हे दाखवून दिले. गटाबाहेर विवाह होऊ न देणे म्हणजे जात. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही ते साधण्याची साधने. विधवा ही जातीला अडचण वाटते, कारण ती बाहेर विवाह करील. याला आम्ही एवढेच जोडू इच्छितो की, ती संपत्तीही बाहेर नेईल, ही भीती त्याच अडचणीचा दुसरा भाग आहे. कोणाशी विवाह करावयाचा आणि कोणाला वारस मानावयाचे, हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत.

म्हणूनच हिंदू कोड बिलात बाबासाहेबांनी दोन्ही एकत्र घेतले. विवाहास जातीचे बंधन नसावे, मुलीला पित्याच्या संपत्तीत वाटा असावा आणि स्त्रीच्या हाती आलेली संपत्ती तिच्या पूर्ण मालकीची असावी, अशी त्यातील योजना होती. विधेयकाची झालेली उपेक्षा हे एक प्रमुख कारण देऊन २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याच वर्षी ‘महाबोधी’ नियतकालिकात त्यांनी हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवर लेख लिहून, बुद्धाने नव्हे तर मनूने तिला खाली ओढले, हे साधार मांडले. जे विधेयक एकत्रितपणे नाकारले गेले, त्याचे तुकडे १९५५ व १९५६ साली संमत झाले. १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याच्या १४ व्या कलमाने स्त्री ही आपल्या संपत्तीची संपूर्ण स्वामिनी झाली. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला सहदायादाचा हक्क मिळाला.

हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. पती निवर्तल्यास विधवा, मुलगे, मुली आणि माता पहिल्या वर्गातील वारस ठरतात. त्यांत पत्नी परदेशी जन्माची आहे एवढ्यावरून तिचा हक्क जात नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाह केला तर सामान्यतः १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. परंतु १९७६ च्या दुरुस्तीनंतर, दोन्ही पक्ष हिंदू, बौद्ध, शीख वा जैन असतील तर त्यांचा उत्तराधिकार त्यांच्या नेहमीच्याच कायद्याने ठरतो. म्हणजे नाशिकच्या बौद्ध तरुणाने थाई बौद्ध तरुणीशी येथे नोंदणी विवाह केला, तर बौद्ध म्हणून असलेली त्यांची वारसाव्यवस्था अबाधित राहते. १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानेही, भारतात राहणाऱ्या व्यक्तीकडून वारसाने आलेली स्थावर मालमत्ता परदेशी राहणाऱ्या वारसास धारण करता येते.

थायलंडमधील स्थिती

थायलंडचे उदाहरण येथे मुद्दाम घ्यावयाचे, कारण तो बौद्ध देश आहे आणि आपली माणसे तेथे विश्वासाने जातात. तेथील दिवाणी संहितेतील कुटुंब व वारसा हे भाग १९३५ साली लागू झाले. म्हणजे ज्या वर्षी बाबासाहेबांनी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली, त्याच वर्षी. त्या संहितेत पती वा पत्नी हा कायदेशीर वारस आहे. प्रथम विवाहकाळात मिळविलेली सामाईक संपत्ती विभागली जाते. मग मृताच्या वाट्यातून जोडीदारास, अपत्ये असल्यास, एका अपत्याइतका हिस्सा मिळतो. वारस परदेशी आहे म्हणून हा हिस्सा नाकारला जात नाही.

जमिनीची गोष्ट मात्र वेगळी. १९५४ च्या थाई भूमी संहितेनुसार परदेशी वारसास वारसाने आलेली जमीन ठेवावयाची तर गृहमंत्र्यांची अनुज्ञा लागते आणि निवासासाठी मर्यादा एक राई, म्हणजे १६०० चौरस मीटर, आपल्याकडील सुमारे सोळा गुंठे. प्रत्यक्षात ही अनुज्ञा मिळत नाही असेच धरून चालावे लागते; मग अधिकारी ठरवून देतील त्या, १८० दिवसांहून कमी नसलेल्या आणि एक वर्षाहून अधिक नसलेल्या मुदतीत ती जमीन विकावी लागते. पैसा मिळतो, घरची भूमी राहत नाही. दुसरीकडे, परदेशी पुरुषाशी विवाह केलेल्या थाई स्त्रीलाच पूर्वी जमीन घेता येत नसे. १९९९ पासून, तो पैसा केवळ पत्नीचा आहे असे दोघांनी लिहून दिल्यावर तिला घेता येऊ लागली. म्हणजे विवाहामुळे स्त्रीच आपल्या देशात परकी ठरत होती. बौद्ध देशाचा कायदा आहे म्हणून तो सर्व बाबतीत धम्माला धरून असेल, असे समजण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या कुटुंबांनी ध्यानात ठेवावी. थायलंडमध्ये विहारात भिक्खूंच्या उपस्थितीत झालेला मंगल समारंभ कायद्याने विवाह होत नाही. सरकारी नोंदणी झाली तरच तो विवाह, आणि तरच जोडीदार वारस. मुलीच्या वा मुलाच्या लग्नात परित्त पाठ झाला, आशीर्वाद मिळाले, भोजन झाले आणि नोंदणी राहून गेली, तर पुढे दुःखाच्या प्रसंगी ती मुलगी कोणाचीच कोणी नाही, असे तिला ऐकावे लागेल. उषवदाताने आपले दान निगमसभेत जाहीर करून फलकावर का नोंदविले, ते अशा वेळी समजते. सद्भावना ही नोंदीची जागा घेऊ शकत नाही.

उपसंहार

आपल्या वाडवडिलांकडे वारसाने देण्यासारखे फारसे काही नव्हते. महार वतनाची तुकडा जमीन होती, तीही गावकीच्या सेवेला बांधलेली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडले होते. त्यानंतरच्या पिढ्यांनी शिकून, नोकरी करून घरे बांधली. म्हणून संपत्तीचा वारसा हा आपल्या समाजात नव्याने आलेला विषय आहे आणि तो कसा हाताळावयाचा याची रीत आपणच घालून देणार आहोत. बाहेरून आलेल्या सुनेला वा जावयाला वाटणीच्या दिवशी परके ठरविण्याची रीत जातीने आपल्यावर चालविली होती. ती आपण पुढे चालवावयाची काय, हा खरा प्रश्न आहे.

त्रिरश्मीवर याचे उत्तर आहे. तेथे शकांची कन्या आपल्या नावाने औषधाची ठेव ठेवते, कुंभार ती स्वीकारतात आणि आजारी भिक्खू कोणत्या देशाचा आहे हे कोणी विचारीत नाही. सातवाहन गेले, क्षत्रप गेले, आभीर गेले. ज्या राजाने संकर थांबविल्याचे कोरले गेले त्याच्या घराण्यातही शक सून आली. पुढच्या बुद्धपौर्णिमेस दहाव्या लेण्यात गेल्यावर वाचकांनी दक्षमित्रेच्या ओवरीपाशी क्षणभर थांबावे. आणि घरी परतल्यावर, आपल्या कुटुंबात दूरदेशाहून आलेले कोणी असेल, तर तिचे वा त्याचे नाव नोंदवहीत, खात्यावर आणि मृत्युपत्रात आहे की नाही, ते पाहावे.

भवतु सब्ब मंगलं.